सगुणाच्या पाट्याला इजिप्तची टाकी

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
(तारीख घालत नाही. पत्र नेणारा खैरुद्दीन गावी कधी निघेल त्याचा नेम नाही, आणि जुन्या तारखेचं पत्र हाती पडलं की माणूस उगाच घाबरतो.)

तीर्थस्वरूप वासुदेवदादा यांच्या पायाशी भार्गवचा नमस्कार.

हे पाकीट पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की इथे सगळे जिवंत आहेत. आता बसा, पाणी प्या, मग पुढचं वाचा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मागच्या वेळी तुम्ही अजून विहिरीच्या पायऱ्या उतरता असं बोलता बोलता म्हणालात, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. त्या शेवाळावरून या वयात माणूस उतरतो कसा? घरात पंप आहे ना? मग पंप लावा. (वीज गेली असेल तर येईपर्यंत थांबा. तहानेने इतक्या लवकर कुणी मरत नाही.) मी इथे बत्तिसाव्या मजल्यावर राहतो आणि वाऱ्याने काच वाजली तरी उठून भिंतीला हात लावून बघतो, तिथे तुम्ही शेवाळावरून चालता. असो. फोनवर हे सगळं का नाही सांगितलं, असं म्हणाल. फोन लावला की चारुदत्त शेजारी येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, स्पीकरवर टाका." स्पीकरवर माणूस खरं बोलत नाही, दादा, बातम्या दिल्यासारखं बोलतो. म्हणून पत्र. माझं अक्षर सहावीतच थांबलंय, ते सांभाळून घ्या.

तुमच्या बहिणीबद्दल, सगुणाबद्दल, तुम्हाला चारुदत्तने 'आई थोडं विसरते' एवढंच सांगितलंय. थोडं नाही. ती चारुदत्तला डॉक्टर म्हणते आणि मृणालिनीला कामाची बाई समजते. (सूनबाई बिचारी "हो आजी" म्हणून ऐकून घेते. ऑफिसात तिच्या हाताखाली बरीच माणसं आहेत म्हणे.) मला ती काहीच म्हणत नाही. मी सोफ्यावर बसलो की पदर सावरून पार दुसऱ्या टोकाला सरकते, एसटीत परका माणूस शेजारी बसल्यावर सरकावं तशी. तेही मी सोसलं असतं. पण मध्यंतरी काही महिने तिने बोलणं सोडलं आणि त्यामागोमाग जेवण सोडलं. दोन घास, कधी तेही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. इथल्या डॉक्टरीणबाई केरळच्या आहेत, स्वभावाने चांगल्या, पण त्या म्हणाल्या की वजन असंच उतरत राहिलं तर महिनाअखेरीला नाकातून नळी घालावी लागेल. चारुदत्त म्हणाला, "बाबा, इट्स अ सिंपल प्रोसिजर." असेल सिंपल. पण दादा, लग्नात नथीसाठी नाक टोचलं तेव्हा सगुणाने केवढा आकांत मांडला होता ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या नाकात आता नळी.

तर आता पाट्याचं सांगतो. (सगळं त्या पाट्यावरच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.) तुमच्या घरून तिच्याबरोबर आलेला काळ्या दगडाचा पाटा ती इथेही घेऊन आली. विमानतळावर त्या यंत्रात तो ठोकळा दिसल्यावर तिथल्या बाईने आम्हाला बाजूला घेतलं आणि मृणालिनीने 'किचन आयटम' असं सांगून आमची सुटका केली. मिक्सर सगुणाने कधी मानला नाही. आता बाकी सगळं विसरली, तरी सकाळी स्वयंपाकघरात खाली बसते, पाट्यावर खोबरं-मिरची ठेवते आणि वरवंटा ओढते. पण पाटा वापरून वापरून काचेसारखा गुळगुळीत झालाय. खोबरं वाटलं जात नाही, नुसतं पुढे पळतं. ती ते परत ओढून घेते, ते पुन्हा पळतं. मग ती त्याच्याकडे जरा वेळ बघत बसते, सगळं धुऊन टाकते आणि उठते. त्या दिवशी मग तिच्या पोटात अन्न जात नाही. मृणालिनीने एकदा मिक्सरमधलं वाटण हळूच पाट्यावर आणून ठेवलं. सगुणाने हुंगलं आणि बोटाने बाजूला सारलं. माणसं ओळखत नाही, वाटण ओळखते.

गावी असतो तर काही प्रश्न नव्हता. गणपतीच्या आधी टाकीवाला यायचा, पडवीच्या पायरीवर बसून छिन्नीने पाट्याला बारीक बारीक खळगे पाडून द्यायचा आणि तांदूळ घेऊन जायचा. इथे दुबईत उंटिणीच्या दुधाचं चॉकलेट मिळतं, टाकीवाला मिळत नाही. एका संगमरवराच्या दुकानात विचारलं, तर तो माणूस म्हणाला, "हबीबी, खलास, नया ले लो." शेवटी मी हार्डवेअरच्या दुकानातून हातोडी-छिन्नी आणली. पहिलाच घाव घातला आणि पाट्याच्या कडेचा सुपारीएवढा टवका उडून कपाटाखाली गेला. तुमच्या आईच्या हातचा पाटा! टवका रुमालात बांधून ठेवलाय. (चिकटवता येईल का, हे खैरुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, "काका, सायलेन्सर चिकटवतात त्या पेस्टने चिकटेल, पण मग चटणी तुम्हीच खा.")

खैरुद्दीन म्हणजे म्हसळ्याचा. रुवैसच्या रिफायनरीत आम्ही बरोबर होतो. आता त्याचं शारजात गॅरेज आहे. माणूस देवासारखा, तोंड तेवढं वाईट.

टवका उडाला त्याच संध्याकाळी नात ईश्वरी टीव्हीवर इजिप्तची फिल्म लावून बसली होती, तिला शाळेत त्यावर काही करायचं होतं. मी आपला कपाळाला हात लावून बसलो होतो. पडद्यावर बघतो तर उघडीबंब माणसं डोंगरात ओळीने उकिडवी बसून दगडावर दगड आपटतायत. मी विचारलं, "यांच्या छिन्न्या कुठे आहेत?" ती म्हणाली, "नो आयर्न, आजोबा. ग्रॅनाइट वॉज टू हार्ड फॉर कॉपर." "मग कापला कशाने?" "दे डिडन्ट कट इट. दे जस्ट पाउंडेड. अँड पाउंडेड." मग मी तिला ती फिल्म परत परत लावायला लावली आणि ती मला हिंदी-मराठी-इंग्रजीची भेळ करून सांगत गेली. तुम्हालाही सांगतो, कारण ऐकण्यासारखं आहे. अस्वान नावाच्या गावी ग्रॅनाइटचा डोंगर आहे. हे लोक जास्त चिवट अशा काळ्या दगडाचे गोटे दोन्ही हातांत धरायचे आणि नुसते आपटत राहायचे. दगड तुटत नाही, फुटत नाही, त्याची भुकटी होते. भुकटी झाडायची, पुन्हा आपटायचं. गोटा एका बाजूने चपटा झाला की फिरवून दुसरी बाजू धरायची, त्यामुळे तो आपोआप गोल होत जातो. प्रत्येक माणसाचा तुकडा मुकादम लाल रंगाच्या रेघांनी आखून द्यायचा. असं करत, डोंगरातून जो अखंड खांब काढायचा त्याच्या चारी बाजूंनी माणूस उतरेल एवढा चर खणायचे. मला वाटायचं लाकडाच्या पाचरी ठोकून वर पाणी ओतत असतील, पण ती रीत पुढची म्हणे. आणि तांब्याची करवत वापरली तरी तिच्याखाली वाळू टाकायचे. कापायची ती वाळू, करवत नुसती मागेपुढे. (रुवैसला आमचे एक साहेब होते त्यांची आठवण झाली.)

तिथे एक फार मोठा खांब अजून आडवा पडून आहे. तीन बाजूंनी मोकळा केला आणि मग त्याला भेग दिसली, म्हणून सगळे तसाच टाकून गेले. दादा, मला त्या खांबापेक्षा त्या माणसाची काळजी लागून राहिली ज्याला ती भेग पहिल्यांदा दिसली. कुणाला सांगितलं असेल त्याने? मी असतो तर त्यावर भुकटी लोटून घरी गेलो असतो. त्या दिवसापासून मी पाट्याला कान लावून बोटाने वाजवून बघतो. आवाज अजून भरीव आहे.

आता गोटा हवा. आमच्या टॉवरखाली कुंड्यांत पांढरे गुळगुळीत दगड आहेत, पण ते शोभेचे, दोन ठोक्यांत त्यांचा चुरा झाला. (रखवालदाराने पाहिलं. मी पाय घसरल्यासारखं केलं.) मग खैरुद्दीन मला गाडीने मसाफीच्या पुढे डोंगरात घेऊन गेला. तिथल्या कोरड्या ओढ्यात काळेहिरवे दगड पडलेले असतात. मी एकेक उचलून बघत होतो, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकत होतो, तर तो सावलीत उभा राहून ओरडतो, "काका, दगड निवडताय की पोरीला स्थळ?" मी म्हटलं, "अरे, इथून दगड नेला तर पोलीस काही म्हणतील का?" तो म्हणाला, "इतका वेळ थांबलो तर पोलीस समजतील आपण इथेच राहतो. यल्ला, उचला!" शेवटी मोसंबीएवढे तीन पसंत केले, टॉवेलात गुंडाळले आणि घरी येईपर्यंत मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत घोंगडी घातली, तिच्यावर पाटा ठेवला आणि इजिप्तच्या रीतीप्रमाणे त्यावर लाल रेघांनी चौकोन आखले. लाल रंग कुठून आणू? देवघरातलं कुंकू घेतलं. मृणालिनी ऑफिसातून लवकर आली, तिने काळा दगड, कुंकवाचे चौकोन, तीन गोटे आणि मला पाहिलं आणि दारातच थांबली. म्हणाली, "बाबा, लिंबू आणि बाहुली कुठे ठेवलीत तेवढं सांगा, म्हणजे माझा पाय नको पडायला." मी समजावून सांगतोय तोवर बेल वाजली. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली होती. सिक्युरिटीचा माणूस म्हणाला, "सर, ड्रिलिंग नॉट अलाउड." मी त्याला ड्रिल मशीन दाखवलं, म्हणजे हातातला गोटा दाखवला. त्याने गोट्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं की मुलगा घरी कधी येतो. त्या संध्याकाळी चारुदत्त माझ्याशी रागावून बोलला नाही. लहान मुलाशी बोलतात तसं बोलला. त्यापेक्षा रागावला असता तर बरं.

म्हणून शनिवारी पाटा घेऊन शारजाला खैरुद्दीनच्या गॅरेजात गेलो. तिथे कुणी कितीही ठोकलं तरी त्याला काम म्हणतात. सगुणालाही नेलं, कारण घरात कुणी नव्हतं. तिला टायरांच्या सावलीत खुर्चीवर बसवलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पाट्यासमोर उकिडवा बसलो. दादा, हे काम दिसतं तसं नाही. पहिला तासभर काहीच होत नाही. नुसती पांढुरकी भुकटी उडते, नाकातोंडात जाते, मनगटं बधिर होतात आणि वाटतं, त्या माणसांना डोंगर पुरा होईल असं वाटत होतं का, की त्यांनी विचार करणंच सोडलं होतं? मी दर थोड्या वेळाने थांबून बघायचो आणि निराश व्हायचो. मग बघणं बंद केलं. दुपार झाली तेव्हा पाट्यावरून तळहात फिरवला, तर मांजराच्या जिभेसारखं लागलं.

माझ्याच्याने धीर धरवला नाही. पाटा धुतला, घरून आणलेलं खोबरं, मिरची, लसूण, मीठ वाटायला घेतलं. खोबरं जागचं हललं नाही, दादा. वाटलं गेलं. खैरुद्दीनच्या बायकोने, बानूने, डब्यात तांदळाची भाकरी दिली होती, तिच्यावर चटणी घालून मी सगुणाच्या हातात दिली. तिने घास घेतला. थांबली. आणि बाजूला थुंकली. मला वाटलं, संपलं सगळं. तोच ती म्हणाली, "कच लागते."

इतक्या महिन्यांनी तिचे पहिले शब्द, दादा.

"कच आहे यात! टाकी लावल्यावर पहिलं वाटण कुणी खायला देतं का? तांदूळ वाटून टाकायचे असतात, पाटा धुवायचा असतो. एवढी टाकीची कामं करता, कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "चुकलं, बाई."

"चुकलं काय! घरात लहान पोर आहे. त्याच्या पोटात गेलं म्हणजे?"

खैरुद्दीन हातात पाना घेऊन उभाच राहिला. "काका, काकी बोलली!" तशी ती त्याच्याकडे वळली. "तू काय बघतोस रे? जा, मूठभर तांदूळ आण." तो शेजारच्या हॉटेलात पळत गेला आणि घाईत बिर्याणीचा शिजलेला भात घेऊन आला, त्याबद्दल त्याला वेगळी बोलणी बसली. मग कच्चे तांदूळ आले. सगुणा स्वतः पाट्याशी बसली. तिने तांदूळ वाटले, टाकले, पाटा धुतला, पुन्हा वाटले, पुन्हा टाकले. मग चटणी वाटली. तिचा हात तोच होता. वरवंटा ओढताना खांदा जरासा खाली जातो ना तिचा, तसाच जात होता. मी टॉवेल सोडून तोंड पुसणार होतो, पण हात वर गेला नाही. तोंडावरची भुकटी निघाली तर टाकीवाला जाईल, आणि माझ्या जागी बसलेल्या परक्या माणसाशी ती बोलणार नाही.

तिने भाकरी-चटणी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "जेवून जा. कामाच्या माणसाला उपाशी पाठवायची रीत नाही आमच्याकडे." मी भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून बसलो. तिला वाटलं मी संकोचतोय. (पाहुण्याला एकट्याला जेवताना अवघड वाटतं म्हणून तुमची आई समोर पान घेऊन बसायची, ते तिने उचललेलं.) म्हणून ती समोर बसली आणि मला सोबत म्हणून जेवली. अख्खी भाकरी जेवली, दादा. खैरुद्दीन गाडीखाली जाऊन झोपला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. विचारलं तर म्हणाला, ऑइल डोळ्यात गेलं.

तेव्हापासून मी रोज दुपारी टाकीवाला असतो. टॉवेल गुंडाळतो, तोंडाला तांदळाचं पीठ लावतो, लिफ्टने खाली जाऊन वर येतो आणि बेल वाजवतो. (लिफ्टमध्ये एक सुटाबुटातले गृहस्थ भेटतात. पहिल्या दिवशी मधल्याच मजल्यावर उतरले, आता गुड आफ्टरनून म्हणतात.) सगुणा दार उघडते, तांदूळ किती घेणार यावरून माझ्याशी घासाघीस करते, मी घोंगडीवर चार हलके ठोके मारतो, ती वाटते, मला वाढते आणि समोर बसून जेवते. महिनाअखेरीला डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि नळीचं तूर्त राहू द्या म्हणाल्या. चारुदत्तला हे पटलं नव्हतं. "बाबा, हे नाटक किती दिवस करणार?" म्हणाला. मग एकदा तो दुपारी काही कागद विसरले म्हणून ऑफिसातून घरी आला. आम्ही दोघं खाली बसून जेवत होतो. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला, कागद न घेताच गेला, आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी नवा टॉवेल घेऊन आला.

तर असं सगळं आहे. एकंदरीत बरं चाललंय म्हणायचं. वहिनींना नमस्कार. विहिरीत उतरू नका.

तुमचा,
भार्गव

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. किंवा मुद्दाम मागे ठेवलं, कसं लिहावं कळत नव्हतं. जेवताना ती टाकीवाल्याशी गप्पा मारते. एकदा म्हणाली, "तुम्ही गावोगाव फिरता. दुबईहून आलेलं कुणी भेटतं का? चारूचे बाबा तिकडे असतात." मी म्हटलं, नाही भेटलं कुणी. तिचा हात ताटातच थांबला. मला वाटलं, आता पुन्हा उठते ही. म्हणून घाईघाईने सांगितलं, एक जण भेटला होता, ते बरे आहेत म्हणाला. "येणार कधी?" मी म्हटलं, शिमग्याला. तिने ताट स्वच्छ केलं. दादा, ती सकाळचं संध्याकाळी विसरते, पण हे विसरली नाही. रोज विचारते, शिमगा किती लांब आहे, आणि मला बजावते, "टाकी हलकी मारा हो, त्यांना भरड वाटण चालत नाही." आता शिमगा आलाच. चारुदत्त आम्हाला गावी घेऊन येतोय, तिकिटं झालीत. तुम्ही सगुणाला ओटीवर बसवून ठेवा. मी एसटीच्या थांब्यापासून बॅग घेऊन, चांगले कपडे घालून, घाटी चढून एकटा येईन. मी दिसलो की पूर्वीसारखं मोठ्याने एवढंच ओरडा, "सगुणा, दुबईवाले आले गो!" तुमच्या आवाजावर तिचा विश्वास आहे. माझ्या तोंडावर आता राहिलेला नाही. आणि गावात कुणाला सांगू नका, लोक हसतील.

आणखी एक. एवढं करूनही ती माझ्याकडे बघून तुम्हाला म्हणाली की, "दादा, यांना सांग, आमच्या पाट्याला टाकी झालीय, आता नको," तर तिचं चुकलं असं म्हणू नका. "लांबून आलेत, जेवून जाऊ दे," एवढं म्हणा आणि ओटीवर माझं पान मांडा. मग ती आपणहून समोर बसेल. जेवेल ती.